दोन घरचा पाहुणा

ब्रसेल्समध्ये सगळ्यात मोठी गोष्ट घडते तेव्हा काहीच आवाज होत नाही. आमची रीतच तशी. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा, खाली लिहायचं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर, आणि मग तोंडाला कुलूप लावून बसायचं. याला आम्ही मौन म्हणतो. बारा वाजले, कुणी बोललं नाही, झाला करार पक्का. सह्या, फोटो, हातात हात, ते सगळं नंतर मंत्र्यांच्या हौसेसाठी. आणि मधेच कुणी बोललं तर मौन मोडलं, मग बसा पुन्हा पहिल्या पानापासून.

त्या शुक्रवारी माझा मसुदा मौनात होता. युरोपातले किनाऱ्याचे देश आणि पलीकडचा कॅनडा यांनी मिळून अटलांटिकमधलं बचावाचं काम वाटून घ्यायचं, असा करार. बोटीला आग लागली, पाणी शिरलं, माणूस पडला, तर हाक कुणी घ्यायची, विमान कुणाचं निघायचं, हेलिकॉप्टरनं तेल कुठं भरायचं, सगळं ठरलेलं. मी पोर्तुगालच्या शिष्टमंडळात. या कामाचं अध्यक्षपद आमच्याकडे, म्हणून लिहिण्याचं ओझं माझ्या डोक्यावर. तीन वर्षं घातली मी त्यात. त्या सकाळी माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कॉफी केली नि विसरले, पुन्हा केली नि पुन्हा विसरले.

एवढं काय त्यात, असं इथल्या बऱ्याच जणांना वाटतं. त्यांना वाटू दे. मी ईल्यावू गावची. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की शेजारी विचारतात, कुठल्या जहाजावर जाणार हा? माझे बाबा कॉड मासे पकडणाऱ्या जहाजावर होते. मी शाळेत असताना तिकडे कॅनडाच्या बाजूच्या पाण्यात त्यांच्या जहाजाला आग लागली. रेडिओवरची हाक दोन्ही किनाऱ्यांना ऐकू गेली. एका बचाव केंद्रानं म्हटलं, ही हद्द पलीकडची. पलीकडच्यानं म्हटलं, आमची नव्हे, अलीकडची. भांडण नाही हं, अगदी गोड बोलून, एकमेकांचे आभार मानत. शेवटी विमान निघालं तेव्हा पाण्यावर फळ्या तरंगत होत्या. आई तेव्हापासून एकच म्हण बोलते. चर्चमध्ये कुणी सांत्वनाला आलं तरी तीच, बाजारात कुणी विषय काढला तरी तीच. दोन घरचा पाहुणा उपाशी.

तर मला हा करार हवा होता. बढतीसाठी नाही, मंत्र्याच्या शाबासकीसाठी तर मुळीच नाही. मला तो हवा होता, बस.

सकाळीच माझ्या भावाचा फोन आला. झेफेरीनो, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तोही कॉडच्याच जहाजावर. आईनं किती डोकं आपटलं, पण रक्तातलं जात नाही. जहाजावरच्या फोनवरून बोलताना त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

“काय गं ताई, सुटलं का तुझं मौनव्रत?”

मी म्हटलं, बारापर्यंत जीव मुठीत धरून बसलेय. त्यावर हसला. म्हणाला, तुम्हाला गप्प बसायचा पगार मिळतो, आम्ही मात्र मासे पळतात म्हणून फुकट गप्प बसतो. मी आनंदात होते, म्हणून शिवी दिली नाही. उलट जोर चढला मला. म्हटलं, “तू आत्ता कुठे आहेस ते सांग. बारानंतर तुला नुसती शिंक आली तरी कुणाचं विमान येईल, ते तुझी ताई तुला इथे बसून सांगते.”

त्यानं ठिकाण सांगितलं. माझ्यासमोर टेबलावर कराराचा नकाशा पसरलेला होता. मी बोट ठेवलं. पश्चिमेकडून कॅनडाची हद्द येत होती, ती बोटापर्यंत पोचण्याआधीच थांबली. पूर्वेकडून आमची जात होती, तीही बोटाच्या आधीच थांबली. मला वाटलं चष्मा खराब आहे. पदराला पुसावा तसा स्कार्फला पुसला. पुन्हा बघितलं. मधे पांढरा पट्टा होता, उत्तर-दक्षिण लांबच लांब, आणि माझं बोट त्याच्या बरोबर मध्यावर.

“ताई? कुणाचं विमान गं?”

मी म्हटलं, थांब, मी नंतर फोन करते.

“म्हणजे शिंक दाबून धरू का?” तो म्हणाला, आणि फोन कटला.

घोळ कसा झाला ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. शेवटच्या बैठकीत सगळे खुशीत होते. त्या खुशीत कॅनडानं सौजन्य म्हणून कळवलं की या पट्ट्यात तुमचीच जहाजं जास्त असतात, तेव्हा पहिला मान तुमचा, आम्ही हद्द मागे घेतो. त्याच संध्याकाळी आम्हीही सौजन्य म्हणून कळवलं की हा पट्टा तुमच्या विमानतळाला जवळ आहे, तेव्हा पहिला मान तुमचा, आम्ही हद्द मागे घेतो. दोघांनी एकमेकांचे मनापासून आभार मानले आणि दोन्ही बदल मसुद्यात गेले. आमच्या धंद्यात कुणी काही मागितलं तर ते दहादा वाचतात, भिंगातून वाचतात, वकिलाला दाखवतात. कुणी काही दिलं की नुसतं धन्यवाद म्हणून फायलीत टाकतात. भेट कुणी उलटी करून बघत नाही.

आणि मौनात असलेल्या मसुद्यात स्वल्पविरामही हलवता येत नाही. दोनच वाटा. बारापर्यंत तोंड शिवून बसायचं, किंवा एखाद्या देशानं लेखी कळवून मौन मोडायचं. मौन मोडलं की सगळ्यांना हात धुवून घ्यायची संधी. कुणाला भाषेचा मुद्दा, कुणाला तेलाच्या खर्चाचा, आइसलँडच्या बाईंची तर अख्खी यादी तयार होती. तीन वर्षं बांधलेली मोट एका दुपारी सुटली असती. वर मौन मोडणाऱ्याचं नाव या शहरात दहा वर्षं घेतलं जातं. त्यात मसुदा लिहिणारीनंच स्वतःचं मौन मोडायचं म्हणजे स्वतःच्या लग्नात उभं राहून नवरा नको म्हणण्यासारखं. पण माझं बोट अजून त्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. मी कोट घेतला आणि निघाले.

माझ्या सहीनं मौन मोडता येत नाही, राजदूताची परवानगी लागते. आणि मौनाच्या शेवटच्या सकाळी राजदूत सापडणं म्हणजे गणित. त्या वेळी सगळे राजदूत गायब होतात, हीही इथली रीतच. फोन बंद. कुणी दाताच्या डॉक्टरकडे, कुणी कुत्रा फिरवायला, म्हणजे कुणी येऊन कान भरायला नको. आमचे पेश्ताना साहेब न्हाव्याकडे जातात. डोक्यावर केस मोजून सहा, पण मौन असलं की साहेबांना दाढी-कटिंगची तलफ येते. मातोंगे या आफ्रिकी वस्तीतल्या गल्लीत त्यांचा काँगोचा न्हावी आहे, तिथे मी धापा टाकत पोचले. साहेब खुर्चीत मागे रेलून, गळ्याला टॉवेल, तोंडभर साबण. मला आरशात बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी सगळं एका दमात सांगितलं. न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला आणि ऐकत राहिला. साहेबांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, होऊ दे आधी मंजूर, मग पट्टा पत्रव्यवहारानं नीट करून घेऊ. मी म्हटलं, साहेब, मागच्या करारातली एक चूक पत्रव्यवहारानं नीट करायला सहा वर्षं लागली, आणि ती नुसत्या टपालाच्या पत्त्याची होती. ते म्हणाले, तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय? सध्याची जुनी व्यवस्था आहेच की. मी म्हटलं, नाही, बारा वाजले की जुनी व्यवस्था रद्द होते, पहिल्याच कलमात तसं लिहिलंय, मीच लिहिलंय.

आता डोळे उघडले.

“देओलिंडाबाई, आपण अध्यक्ष आहोत. अध्यक्षानंच मौन मोडलं तर आपलं हसं होईल. तुमचं तर आधी होईल.”

तेव्हा माझा आवाज चढला. नऊ वर्षं मी या माणसाबरोबर काम करते, कधी घरचं काही सांगितलं नव्हतं. तिथे, त्या साबणाच्या वासात, सांगितलं. बाबांचं जहाज, दोन केंद्रं, गोड बोलणं. “साहेब, त्या वेळी हद्द कुणाची यावर निदान वाद होता. आता मी माझ्या हातानं कायदा करून ठेवतेय की कुणाचीच नाही. आणि माझा भाऊ आत्ता, या क्षणी, तिथे आहे.”

 साहेबांनी टॉवेलनं अर्धा साबण पुसला आणि म्हणाले, “कॅनडा बरोबर येत असेल तर मोडा. दोघांनी एकदम मोडलं तर लोक विचारतील का मोडलं. एकट्यानं मोडलं तर विचारतील कुणी मोडलं.” तेवढं बोलून पुन्हा मागे रेलले. उरलेल्या अर्ध्या गालासाठी न्हाव्याला खूण केली. मी दारातून बाहेर पडेपर्यंत न्हावी त्यांना विचारत होता की मग त्या भावाचं काय झालं.

आता कॅनडाचा माणूस शोधायचा. लिअँडर टिझर्ड, न्यूफाउंडलंडच्या एका मासेमारीच्या गावचा, गेली तीन वर्षं टेबलाच्या त्या बाजूला माझ्यासमोर बसणारा. भला माणूस, पण खवय्या. फोन अर्थातच बंद. मी डोकं चालवलं. ब्रसेल्सच्या फ्राइजना तो रोज नावं ठेवतो, आमच्याकडे वरून गरम रस्सा ओततात, तुम्ही हे पांढरं मेयोनीज काय थापता म्हणून. आणि रोज खातो. मी तडक झुर्दां चौकात गेले. फ्राइजच्या टपरीसमोर ही रांग, आणि रांगेत मधोमध टिझर्ड, कॉलर वर करून, कुणी ओळखू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून. सहा फुटांचा माणूस टोपीखाली लपतो होय?

मला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं मी मौन मोडू नका अशी विनवणी करायला आलेय. मान हलवून आश्वासन दिलं, छातीवर हात ठेवला, म्हणजे काळजी नको, कॅनडा गप्प आहे. मी म्हटलं, अहो टिझर्ड, बोला. तो पुन्हा मान हलवतो. रांगेतले लोक बघायला लागले. शेवटी मी त्याच्या पुढच्या बाईंच्या हातातला कागदी रुमाल मागून घेतला, पेनानं त्यावर दोन उभ्या रेघा मारल्या, एकीवर लिहिलं तुम्ही, दुसरीवर आम्ही, आणि मधल्या जागेत एक छोटी होडी काढून त्याच्या नाकासमोर धरली.

त्यानं बघितलं. एकदा माझ्याकडे, एकदा रुमालाकडे.

“पण आम्ही तर तो तुम्हाला दिला होता,” टिझर्ड म्हणाला.

“आणि आम्ही तुम्हाला.”

तो मोठ्यानं हसला. मग हसणं अर्ध्यावर थांबलं आणि चेहरा उतरला. म्हणाला, “बाई, माझ्या गावचीही जहाजं त्या पट्ट्यात जातात. माझा मेहुणा जातो.” आणि रांग सोडली. तीन वर्षांत मी त्याला खाण्याची रांग सोडताना पहिल्यांदा बघितलं.

चौकातल्या बाकावर बसून त्यानं आपल्या राजदूतबाईंना गाठलं, त्यांचा खास नंबर त्याच्याकडे होता. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण त्या ओरडल्या तेवढं बाहेर ऐकू आलं. मी तिकडे चौकीदारासारखी येरझारा घालत होते. फोन ठेवून तो म्हणाला, मिळाली परवानगी, पण माझी पेन्शन गेली असं समजा. मग आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून आपापल्या फोनवर हरकत लिहू लागलो.  टिझर्ड म्हणाला, एक दोन तीन म्हणू या. आणि चर्चच्या घड्याळानं बाराचा पहिला टोला द्यायच्या आत दोन्ही हरकती गेल्या. पोर्तुगाल आणि कॅनडा, एकाच मिनिटाला, एकाच बाकावरून.

दुपारी तातडीची बैठक लागली. काय सांगू, दरबार नुसता भरला होता. कुत्रा फिरवणारे आले, दातवाले आले, पेश्ताना साहेब गुळगुळीत गाल घेऊन आले. सगळ्यांच्या काखेत जुन्या तक्रारींच्या फायली. आइसलँडच्या स्टेइनूनबाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि आपली यादी टेबलावर अशी ठेवली, जसा जुगारी पत्ता ठेवतो.  वाटलं, संपलं. सगळं सुटणार आता, आणि सोडलं कुणी तर मी.

मी उभी राहिले. कागदावर लिहिलेलं निवेदन होतं, ते वाचलंच नाही. नकाशा पडद्यावर लावला, पट्टा दाखवला, आणि तो कसा झाला ते जसं झालं तसं सांगितलं. आम्ही मान द्यायला गेलो आणि माणसं वाऱ्यावर सोडली, म्हटलं. खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. मग टिझर्ड उठला आणि म्हणाला, कॅनडा आपली भेट परत घेतो. पट्टा आमचा. मी म्हटलं, पोर्तुगालही भेट परत घेतो. पट्टा आमचा.

झालं, आता दुसराच पेच. तीन तास आधी कुणालाच नको असलेलं पाणी आता दोघांना हवं. टिझर्ड म्हणतो आमचा विमानतळ जवळ. मी म्हणते आमची जहाजं जास्त. तो म्हणतो आमच्या लोकांना ते पाणी माहीत आहे. मी म्हणते आमचे लोक त्या पाण्यात आहेत, तळाशी सुद्धा आहेत. तिथे माझा आवाज फाटला. टिझर्ड पटकन खाली बसला आणि खोली गप्प झाली. हे मौन काही आमच्या रीतीतलं नव्हतं.

स्टेइनूनबाईंनी ते मोडलं. त्या कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा कुणाचं तरी नुकसान होतं अशी त्यांची ख्याती.

“भांडता कशाला?” त्या म्हणाल्या. “दोघंही जा.”

कुणीतरी पलीकडून म्हणालं, दोन विमानं एका बोटीसाठी, तेल किती जाईल? स्टेइनूनबाईंनी त्या दिशेला मानही वळवली नाही. म्हणाल्या, हाक आली की दोन्ही किनाऱ्यांनी निघायचं. एक जण बोटीच्या डोक्यावर पोचला असं दुसऱ्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं, की मगच त्यानं परत फिरायचं. आमच्या गावात होडी उशिरा आली तर अख्खं गाव धक्क्यावर जातं, तुमची पाळी की आमची असं विचारत नाही. मग त्यांनी समोरची यादी उचलली, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. ती पर्स मिटल्याचा खटका मी जन्मात विसरणार नाही. त्यानंतर एकेक करून बाकीच्या फायलीही काखेत परत गेल्या. स्टेइनूनबाईंनी यादी गिळल्यावर दुसऱ्या कुणाची काय टाप?

एक कलम बदललं. सोमवारी बारापर्यंत नवं मौन.

शनिवार-रविवार मी घरात काय केलं, विचारू नका. खिडक्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. झेफेरीनोला कळवलं होतं, तर तो रोज एक निरोप पाठवायचा, शिंक अजून दाबून धरली आहे. सोमवारी मी ऑफिसात टेबलाशी हात बांधून बसले. पेश्ताना साहेब या वेळी न्हाव्याकडे गेले नाहीत, माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.  बाहेर बाराचे टोले पडले. कुणाची हरकत नाही. एक सुद्धा नाही. साहेबांनी घसा खाकरला, दाराच्या चौकटीवर दोनदा थोपटलं आणि गेले. मी खुर्चीत बसल्या-बसल्या दोन्ही मुठी वर केल्या आणि आवाज न करता ओरडले.

आधी झेफेरीनोला फोन लावला.

“घे शिंकून,” मी म्हटलं. “दोघंही येतील.”

त्यानं खरंच खोटी शिंक दिली, मोठ्ठी, आणि मागे त्याचे सोबती हसलेले ऐकू आले. मग म्हणाला, ताई, आता आईला सांग, आधी आईला सांगायचं होतंस. त्याचा आवाज डब्यातून येत होता तरी मला कळलं की तो रडतोय.

आईला फोन केला. ती स्वयंपाकघरात होती, बटाटे सोलत होती. मी तिला करार वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, आई, तिथून कुणी हाक मारली तर आता दोन्ही किनाऱ्यांवरून विमानं निघणार, पोचेपर्यंत कुणी मागे फिरायचं नाही. पाहुण्याला आता दोन्ही घरी पान वाढलंय.

सुरी थांबल्याचं मला कळलं. नळ वाहत होता, तो तिनं बंद केला.

“दोन्ही घरी?” तिनं विचारलं.

“हो गं. दोन्ही.”

 ती म्हणाली, “तुझ्या बाबांना एकाच घरी चाललं असतं.” आणि पुन्हा नळ सोडला.